डावखुऱ्यांना स्वप्नं पडत नाहीत

प्रणिता खोडकेला आयुष्यात गर्व एकाच गोष्टीचा होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही. ती गोष्ट म्हणजे 'मुक्तद्वार'. शिक्षण-तंत्रज्ञानावरचं संशोधन छापणारं हे त्रैमासिक अमरावतीच्या विद्यापीठातल्या, जिन्याखालच्या एका खोलीतून निघायचं. छपाई नाहीच, सगळं संगणकावर. मोठमोठी परदेशी मासिकं संशोधन कुलपात ठेवून किल्ली भाड्यानं देत होती, त्या काळात हिनं दारालाच कुलूप ठेवलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं काही द्यायचं नाही, वाचणाऱ्यानं काही द्यायचं नाही, आणि संपादिकेनं पगार मागायचा नाही, असा हा फुकटचा संसार तिनं हट्टानं रेटला होता.

त्यातही तिचा एक खास नियम होता. इतर ठिकाणी लेख आला की तज्ज्ञ तो बंद खोलीत वाचतात, शंका काढतात, दुरुस्त्या होतात आणि मग कधीतरी तो उजेडात येतो. प्रणितानं हा रिवाज मोडून काढला. 'मुक्तद्वार'कडे लेख आला की त्याच दिवशी जगापुढं उघडा. लेख, त्यामागची आकडेवारी, यंत्र चालवणारी आज्ञावली, सगळं. ज्याला टीका करायची त्यानं नाव लावून, चारचौघांसमक्ष करावी. शिवाय कुणी दडपण आणून एखादा लेख गुपचूप नाहीसा करू नये, म्हणून त्याच्या प्रती त्याच घटकेला देशोदेशींच्या ग्रंथालयांत जाऊन बसत. "ज्ञान एकदा दाराबाहेर पडलं की ते परत आत ओढता येता कामा नये," असं ती भाषणात म्हणायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या आठवल्या की आता तिला कापरं भरतं.

तन्मय इंगोले हा तिचा विद्यार्थी. हुशार, सरळ, आणि गुरूवर नको तेवढा विश्वास ठेवणारा. त्याचा लेख आला त्या दिवशी प्रणितानं तो जेवण बाजूला ठेवून वाचला होता.

तन्मयचा शोध सांगायला सोपा होता. आपल्या मेंदूच्या बुडाशी, मान जिथं डोक्याला मिळते तिथं आत, तांदळाच्या दाण्याएवढा एक निळसर ठिपका असतो. काही अनपेक्षित घडलं की हा ठिपका साऱ्या मेंदूला हाक देतो, जागे व्हा, हे लक्षात ठेवा. त्याच वेळी डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. इथवर सगळं जुनंच होतं. तन्मयनं दाखवलं ते असं, की सहा ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये या हाकेच्या आधी जेमतेम सेकंदभराची एक उसंत असते. मूल उत्तराचा अंदाज बांधतं, तो अंदाज डळमळतो, जुनं हातातून सुटलेलं असतं आणि नवं अजून धरलेलं नसतं. त्या सेकंदात विश्वासाच्या माणसाच्या आवाजात एखादं वाक्य कानावर पडलं, आणि नंतर मूल झोपलं, तर उठल्यावर ते वाक्य त्याला शिकल्यासारखं वाटत नाही. ते त्याला पहिल्यापासून माहीतच असतं. विस्तवानं भाजतं हे आपल्याला कुणी आणि कधी सांगितलं, ते कुठं आठवतं? तसंच.

राज्यातल्या प्रत्येक शाळेत तोवर मुलांच्या हाती काचेची पाटी आली होती आणि पाटीला कॅमेऱ्याचा डोळा होता. तन्मयची आज्ञावली त्या डोळ्यातून मुलाची बाहुली बघायची, ती उसंत हेरायची आणि नेमक्या वेळी वर्गशिक्षिकेच्या आवाजातलं वाक्य सोडायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत, ज्या पोरांना वर्षभर 'हातचा' घेणं जमत नव्हतं, ती आठवड्याभरात भागाकार करू लागली. प्रणिताचे डोळे भरून आले होते. गरिबाच्या मुलाच्या हाती येणारं शहाणपण आपल्या दारातून बाहेर पडणार, याहून काय हवं होतं तिला?

लेखात एक लहानसा तक्ता होता. अशा प्रयोगांत एक पद्धत असते. मूल खरोखर यंत्रामुळे शिकलं की घरी आधीच ऐकलेलं होतं, हे ओळखायला काही वाक्यं अशी घालतात, जी कुणीच कधी ऐकलेली नसतील. त्यांना कोरी वाक्यं म्हणतात. ती निरुपद्रवी असावीत, एवढीच अट. तन्मयची कोरी वाक्यं मजेदार होती. कासवाला पाचाच्या पुढं मोजता येत नाही. तांब्याच्या भांड्याला गाणं आवडतं. डावखुऱ्या माणसांना स्वप्नं पडत नाहीत. विद्यापीठाच्या नीतिसमितीनं ती हसत मंजूर केली होती. प्रणिताही हसली, आणि तिनं लेख उघडा केला.

महिना उलटला असेल. नंदूचा फोन आला. नंदू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. परतवाड्याला त्याचं मोटारी बांधून देण्याचं दुकान होतं, आणि हल्ली शाळांच्या फुटक्या पाट्याही दुरुस्तीला त्याच्याकडेच यायच्या.

"ताई, तू एकखेप येऊन जाय," तो म्हणाला. "शर्वीचं काही खरं नाही."

"काय झालं? ताप आहे का?"

"ताप असता तर औषध देल्लं असतं. तू ये, मंग सांगतो."

शर्वी त्याची सात वर्षांची मुलगी, दुसरीतली. प्रणिताला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. जे काय लाड करायचे ते या एका भाचीचे. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली.

घरात शिरल्याबरोबर तिला काही वेगळं दिसलं नाही. शर्वी येऊन बिलगली, डाव्या हातानं काढलेली चित्रं दाखवून झाली. मग सगळे जेवायला बसले. वर्षानं, म्हणजे शर्वीच्या आईनं, लेकीच्या पुढ्यात गरम पोळी आणली.

"ठेवा तिथं," शर्वी म्हणाली. "मी घेईन. तुम्ही बसा."

प्रणिताचा घास हातातच राहिला. आपल्याकडे बापाला एखादं मूल अहो-जाहो करील, पण आईला कुणी करत नाही. तेही चेष्टेत नाही, घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तशा अदबीनं. वर्षानं मान खाली घातली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"वीस दिवस झाले ताई," ती नंतर ओट्याला टेकून म्हणाली. "पोरगी मले आई म्हनतच नाही. मी जवळ घेतलं की अंग चोरते. रात्री दाराले कडी लावून झोपते, मी आत येऊ नये म्हनून. डॉक्टर म्हने मनात भीती बसली, निघून जाईन. मी काय केलं वो तिचं?"

प्रणितानं शर्वीला मागच्या अंगणात नेलं. लिंबाच्या झाडाखाली दोघी बसल्या.

"शर्वी, आईला असं अहो-जाहो का करतेस गं?"

"त्या आई नाहीत," शर्वी म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, राग नव्हता.

"मग कोण आहेत?"

"मला माहीत नाही. चांगल्या आहेत पण. पोळ्या आईसारख्याच करतात."

"आणि आई कुठंय?"

"आई धरणात गेली. मी काठावर होते. मी हाका मारल्या, पण तिनं मागं पाहिलंच नाही. पाणी तिच्या केसांवरून गेलं. मग पलीकडून या बाई आल्या. आईचीच साडी होती, पण कोरडी होती."

 प्रणितानं शर्वीला जवळ ओढलं. "अगं वेडाबाई, ते स्वप्न होतं."

शर्वीनं तिच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाला साधी गोष्ट ठाऊक नसली की मुलं पाहतात तसं, जरा कीव करून.

"आत्या, मी डावखुरी आहे ना."

"म्हणून काय झालं?"

"डावखुऱ्यांना स्वप्नं पडत नाहीत. तुला नाही माहीत?"

 हे वाक्य प्रणितानं वाचलं होतं. वाचून ती हसली होती. प्रयोगातल्या शाळेचं आणि मुलांचं नाव लेखात द्यायचं नाही, हा नीतीचाच नियम, आणि त्या नियमामुळे सातपुड्याच्या पायथ्याची ती शाळा म्हणजे आपल्या भाचीची शाळा, हे तिला कळलंच नव्हतं. नंदूनं पालकसभेत 'गणित सुधार उपक्रम' म्हणून सही केली होती आणि तो विसरूनही गेला होता.

तिनं समजावून पाहिलं. डावखुऱ्या माणसांची नावं सांगितली, त्यांनी सांगितलेली स्वप्नं सांगितली. शर्वीनं सगळं शांतपणे ऐकलं.

"ते खोटं बोलत असतील," ती म्हणाली. "नाहीतर त्यांना जे दिसलं ते खरंच झालं असेल."

 शिकवलेली गोष्ट खोडता येते, कारण ती कुणीतरी शिकवल्याचं आपल्याला आठवत असतं. शर्वीला हे कुणीच शिकवलेलं नव्हतं. तिच्या लेखी ते विस्तवाच्या चटक्याइतकं जुनं होतं. पोर वेडी झालेली नव्हती. ती अगदी बरोबर विचार करत होती, फक्त पहिली पायरीच खोटी होती आणि ती पायरी आपल्या लोकांनी बसवली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. प्रणिताला त्या अंगणात बसवेना.

तिनं तन्मयला विद्यापीठात बोलावून घेतलं. शर्वीचं सगळं त्याला सांगितलं.

"मॅडम, आम्ही मुलांना दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला. "नियमच आहे तसा. प्रयोगातलं खोटं प्रयोग संपला की मुलांना सांगायचं. वर्गात उभं राहून एकेक वाक्य सांगितलं, हे आम्ही मजेनं म्हटलं होतं, खरं नाही. पोरांनी माना डोलावल्या."

"झोपून उठल्यावर सांगितलंत?"

"हो. दुसऱ्या दिवशी."

 जे वाक्य आता मुलांच्या हाडीमांशी खिळलं होतं, ते खरवडायला यांनी एक मान डोलावणं पुरेसं धरलं होतं. मुलं मोठ्यांसमोर मान डोलावतातच.

"एखादं मूल डावखुरं असेल, असं मनात आलं नाही तुझ्या?"

"नाही आलं." मग त्यानं खाली बघत विचारलं, उर्मटपणे नव्हे, "तुमच्या आलं होतं का मॅडम?"

 प्रणिताच्या मनात दुसरीच भीती उभी राहिली होती. एका कोऱ्या, फालतू, हसण्यावारी नेलेल्या वाक्यानं एका घरातली आई नाहीशी केली. मग जो मुद्दाम वाक्य निवडील, तो काय करील? अमक्या जातीचे लोक चोर असतात. तमक्याच्या विरोधात बोलणं पाप असतं. एक सेकंद, एक झोप, आणि ते पोर मरेपर्यंत ते स्वतःचंच मत म्हणून सांगत राहील. आणि तो सेकंद कसा पकडायचा, हे ओळ न् ओळ, फुकट, तिच्या दारात मांडलेलं होतं.

ती तडक संगणकाकडे वळली. लेख आपल्या संकेतस्थळावरून तिनं उतरवला, आणि ग्रंथालयांना विनंत्या धाडल्या की तुमच्याकडची प्रत काढा. उत्तरं भराभर आली, सगळी सभ्य. एका ग्रंथपालानं तर तिच्याच भाषणातलं वाक्य तिला परत पाठवलं होतं. दडपणाखाली लेख काढू नये म्हणून तुम्हीच हा करार केलात, तेव्हा तुमच्यावर कुणाचं दडपण आहे का, आम्ही काही मदत करू का, असं त्यानं आपुलकीनं विचारलं होतं.

मग तिनं लेखाखालचे अभिप्राय वाचायला घेतले. एका शिकवणीवाल्यानं विचारलं होतं, एकाच वेळी साठ मुलांवर चालेल का. चॉकलेट बनवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला वयाची अट खाली आणता येईल का ते हवं होतं. एकानं नाव न लावता लिहिलं होतं, उत्तम काम, आम्ही सुरुवात केली आहे. कशाची सुरुवात, कुठं, कुणावर, काही नाही.  ते वाचून प्रणितानं खोलीचं दार लावून घेतलं, जणू ते लावून आता काही अडणार होतं.

"चूक झाली तन्मय," ती म्हणाली. "हे कुलपात ठेवायला हवं होतं."

"कुणाच्या कुलपात?" तन्मय म्हणाला. "पाट्या बनवणारी 'तल्लख' कंपनी सुरुवातीपासून मागं होती माझ्या. आम्हाला द्या, आम्ही गुपित ठेवू. त्यांना दिलं असतं तर शर्वी हे कुठून बोलतेय ते तुम्हालाही कळलं नसतं. वाचलं होतं म्हणून ओळखलंत."

 उघडं ठेवावं तर चोर आत येतात, लावून घ्यावं तर आतलाच चोर राजा होतो.

"आणि एक आहे," तन्मय हळू आवाजात म्हणाला. "ते वाक्य ज्या वाटेनं आत गेलं, त्याच वाटेनं बाहेर येईल. कदाचित."

"कदाचित म्हणजे?"

"उलट वाक्य त्याच उसंतीत सांगायचं. आम्ही करून बघितलेलं नाही. दोन्ही वाक्यं एकमेकांना खोडतील, किंवा दोन्ही राहतील."

"दोन्ही राहिली तर?"

"तर तिला जागं कुठलं आणि स्वप्न कुठलं, हेच कळेनासं होईल." त्यानं पुढं सांगितलं. "आवाज तिच्या विश्वासाच्या माणसाचा लागेल. तिच्या आईचा नाही चालणार. आई तिच्या लेखी परकी आहे. तुमचा लागेल."

परवानगीशिवाय मुलांवर प्रयोग करू नये, हे प्रणितानं विद्यार्थ्यांच्या किती तुकड्यांना शिकवलं होतं देव जाणे. आता ती स्वतः भाचीवर, नीतिसमितीला न विचारता, आजवर कुणी न केलेला प्रयोग करायला निघाली होती. वाटेत प्रत्येक थांब्यावर पाटीवर वाकलेली पोरं दिसत होती, आणि दर वेळी तिच्या मनात येई, आत्ता, या सेकंदाला, याला कोण काय सांगत असेल?

नंदू आणि वर्षाला तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. हे माझ्या मासिकातून बाहेर पडलंय, हेही सांगितलं. नंदूनं तोंड फिरवलं. वर्षा मात्र लगेच म्हणाली, "करा. आता याहून वाईट काय होनार?"

पाटीवर आज्ञावली नंदूनंच चढवली. तन्मयला फोन करायची गरजही पडली नाही.

"सोपं हाय हे," तो स्वतःशीच म्हणाला. "मोटार बांधाले याहून वेळ लागते."

राहिलं वाक्य. काय बोलायचं ते वाटेतच ठरलं होतं, तरी शर्वीसमोर बसल्यावर प्रणिताचा धीर सुटायला लागला. डावखुऱ्यांनाही स्वप्नं पडतात, एवढंच कशाला? 'ही तुझीच आई आहे' असं सरळ म्हटलं तर काम फत्ते. खरंच तर आहे ते. पण तन्मयनं बजावलं होतं, शक्य तितकं लहान बोला, उरलेलं तिच्या मनाला करू द्या. आपण घातलेला खडा तेवढा काढायचा, वर स्वतःचं काही पेरायचं नाही.

"दुखतं का?" शर्वीनं विचारलं.

"नाही गं. खेळ आहे. पाखरू कुठल्या घरातून बाहेर येईल ते ओळखायचं."

पाटीवर तीन घरं होती. पाखरू आधी डावीकडून आलं, पुन्हा डावीकडून आलं, शर्वीनं तिसऱ्यांदा डाव्या घरावर बोट ठेवलं आणि तिचं बोट अडखळलं. आज्ञावलीनं उसंत हेरली आणि कोपऱ्यातला दिवा हिरवा झाला. 

"डावखुऱ्या माणसांनाही स्वप्नं पडतात," ती म्हणाली.

शर्वीनं ऐकलं न ऐकलं असं केलं. पाखरू मधल्या घरातून आलं आणि ती हसली. थोडं खेळून झाल्यावर आत्याच्या मांडीवरच तिचा डोळा लागला.

ती दुपार सरता सरेना. वर्षा दाराबाहेर बसून होती, आत यायची तिची छाती होईना. प्रणिता पोरीच्या पापण्यांकडे बघत होती. पापण्यांखाली डोळे हलायला लागले. स्वप्न पडत होतं. पडू दे, पण जागी होईल तेव्हा काय समजेल ती? मी स्वप्नातून उठले, की स्वप्नात उठले? आत्यालाही ती आता स्वप्न समजेल का? प्रणिताला देवाचं नाव घेऊन वर्षं झाली होती. त्या दुपारी तिनं ते मुकाट्यानं घेतलं.

दिवेलागणीच्या सुमाराला शर्वी उठली. डोळे चोळत, कुणाशी न बोलता, दारापर्यंत गेली आणि वर्षासमोर उभी राहिली. 

"आई, पाणी दे," शर्वी म्हणाली.

वर्षाला उठताच येईना. शर्वीच तिच्या गळ्यात पडली. "मला कित्ती वाईट स्वप्न पडलं होतं गं. तू मागं बघतच नव्हतीस."

वर्षानं तिला घट्ट धरलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. नंदू घराबाहेर जाऊन नाक शिंकरून आला. प्रणितानं भिंतीला डोकं टेकलं. जिवावरचं ओझं उतरलं आणि एकाएकी तिला भूक लागली. तन्मयला तिनं दोनच शब्द कळवले, आली परत. बाकीच्या मुलांनाही आता असंच सोडवता येईल, तीन डॉक्टरांनी आज्ञावली उतरवून घेतलीये, असं त्याचं उत्तर आलं. बरेच दिवसांनी तिला वाटलं, दार उघडं ठेवलं ते अगदीच चुकलं नाही.

चहा झाला. शर्वी अंगणात वडिलांबरोबर चेंडू खेळत होती. वर्षा खाटेवर येऊन बसली. तिनं पाटी हातात घेतली, काचेवरचे पोरीच्या बोटांचे ठसे पदरानं पुसले.

"ताई, आनखी एकच वाक्य बोलता का तिले?"

प्रणिताला वाटलं, पाण्याची भीती राहिली असेल. "कोणतं?"

"आईले सोडून कुठं जायचं नाही. बस, एवढंच."

 वर्षाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. वीस दिवस जिची लेक जिवंतपणी हरवली होती, त्या बाईचा तो चेहरा होता.

"वर्षा, असं नाही करायचं."

"काऊन? दुखत नाही म्हन्लं तुम्ही. तिले समजतही नाही."

"म्हणूनच नाही करायचं. उद्या तिला शिकायला जायचं असेल, लग्न करायचं असेल, तर तिचा पाय निघणार नाही. आणि का निघत नाही हे तिला कधीच कळणार नाही."

"म्हंजे माझ्याजवळ राहीन."

"आपण खोटं काढलं फक्त. हे वेगळं आहे."

"आईजवळ राहावं, हे खोटं हाय का?"

प्रणितानं पुष्कळ सांगितलं. मन कुणाचं असतं, त्यावर हक्क कुणाचा असतो, शिकवणं आणि पेरणं यात फरक काय. इतक्या वर्षांच्या व्याख्यानांतलं जे जे आठवलं ते सारं सांगितलं. वर्षानं ते मन लावून ऐकलं आणि मान डोलावली.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमच्या मनाले पटत नसन तर नका बोलू. आता ती माह्या आवाजाले आई म्हनून ऐकते. मीच बोलतो. खुलंच हाय ना हे सारं? तुम्हीच तर सांगतलं."

प्रणितानं पाटी हिसकावून घ्यायला हात पुढं केला, आणि तो तिथंच थांबला. ही पाटी फोडली, तर नंदूच्या दुकानात दुरुस्तीच्या ढिगानं पडल्या होत्या. नंदूला ते चढवायला अर्धा तासही लागत नव्हता. आणि परतवाड्यात आया होत्या, अमरावतीत होत्या, जगात जिथं जिथं मूल होतं तिथं तिथं होत्या, सगळ्या अशाच मायाळू, अशाच घाबरलेल्या. ती शिकवणीवाल्यांना भ्यायली होती, कंपन्यांना भ्यायली होती, त्या बिननावाच्या माणसाला भ्यायली होती. यांचा विचार तिनं केलाच नव्हता.

"शर्वी," वर्षानं हाक मारली. "ये वो बाई, पाखराचा खेळ खेळू."

शर्वी धावत आली आणि आईच्या मांडीवर चढून बसली.

"वर्षा, नको," प्रणिता म्हणाली. वर्षाला ते ऐकू आलं नाही. तिची नजर पाटीच्या कोपऱ्यातल्या दिव्यावर होती आणि ओठ बोलायच्या तयारीत होते. शर्वीनं डाव्या हाताचं बोट एका घरावर ठेवलं, मग उचललं, आणि विचार करता करता तिचे डोळे मोठे होऊ लागले.